बँकेचा कायदा दिल्लीत नेमका ठरतो कसा? (चार नॉमिनींच्या फॉर्मवरून पडलेला प्रश्न)

सुमन_गंगावेस
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी कोल्हापुरात १९ वर्षं पिग्मी, म्हणजे बँकेसाठी लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते. गंगावेस, कपिलतीर्थ मंडई आणि महाद्वार रोडची थोडी दुकानं एवढा माझा रूट. परवा मंडईत एका भाजीवाल्या मावशींनी मशीनमधनं आलेली पावती हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली, म्हणाल्या, "सुमन, आता म्हणं चार नावं लावता येत्यात, खरं काय?" म्हटलं खरं आहे, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी (आपल्या मागं बँकेकडनं पैसे घ्यायला नेमलेली माणसं) लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. मावशी गप्पच झाल्या. त्यांना तीन मुली नि एक मुलगा. बारा वर्षांमागं खातं उघडताना फॉर्मवर एकाच नावाची जागा होती म्हणून मुलाचं नाव घातलेलं, तो फॉर्म मीच भरला होता. आणि गेली सहा वर्षं त्यांना सांभाळतीय मधली मुलगी. "मग हे आधीच का केलं न्हाई गं?" असं विचारलं त्यांनी, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर कळलं की विधेयक लोकसभेत आलं ९ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे फॉर्म हातात यायला सव्वा वर्ष! माझा प्रश्न एवढाच की या सव्वा वर्षात तिकडं काय चालतं? कोण कुणाशी बोलतं, काय घासाघीस होते, शेवटचा शब्द कुणाचा असतो? आणि मंडईतल्या बाईचं म्हणणं तिथं कुठं तरी पोचतं का? इथं बँकेतली, कोर्टातली माणसं आहेत, कृपा करून सोपं करून सांगा.

रंकाळा_वारा
लई चांगला प्रश्न ताई. मलाबी ठाव नाही, म्हणून इथंच बसून घेतो.

निवृत्त_हेडकॅशियर
सुमनताई, सव्वा वर्ष नव्हे, त्याच्याही आधीपासून धरा. १ फेब्रुवारी २०२३ च्या बजेटच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की बँकिंग रेग्युलेशन अॅक्ट, बँकिंग कंपनीज अॅक्ट आणि रिझर्व्ह बँकेचा कायदा यांत दुरुस्त्या करणार. तिथनं मोजलं तर पावणेतीन वर्षं होतात.

वाट अशी असते. अर्थ मंत्रालयात वित्तीय सेवा विभाग आहे, मसुदा तिथं बनतो. रिझर्व्ह बँकेचं मत घेतात, बँकांच्या संघटना आपापली निवेदनं देतात, मग विधी मंत्रालय त्यातला शब्द न् शब्द तपासतं, मग मंत्रिमंडळाची मंजुरी आणि मग ते संसदेत मांडलं जातं. माझ्या मते खरी घासाघीस ही मांडायच्या आधीच होते. आत गेल्यावर स्वल्पविराम हलवायलाही ताकद लागते.

आता तुमच्या विधेयकाचं बघा. लोकसभेत पास झालं ३ डिसेंबर २०२४ ला, राज्यसभेत २६ मार्च २०२५ ला, आणि १५ एप्रिल २०२५ ला कायदा म्हणून राजपत्रात आलं. तरी लागू नाही! कारण कायद्यातच लिहिलेलं असतं की केंद्र सरकार ठरवेल त्या तारखेपासून, आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळी तारीख देता येते. काही कलमं १ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, नॉमिनीची १ नोव्हेंबरला. कारण नॉमिनीचे नियम नव्यानं करायचे, फॉर्म बदलायचे, बँकांच्या कॉम्प्युटरमध्ये एका नावाच्या जागी चार नावं बसवायची. मी काउंटरवर ३४ वर्षं काढली, सांगतो, कायदा पास झाला की लोक दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन दारात उभे असतात आणि आमच्या हातात काहीच आलेलं नसतं.

गुजरीतला
हेडकॅशियर साहेब, मानतो तुम्हाला, पण "संसदेत मांडलं जातं" हे लई सोज्वळ झालं. आपल्याकडं कारखान्याची नाहीतर दूध संघाची जनरल सभा कशी होते ते सगळ्यांनी बघितलंय. स्टेजवरनं विषय वाचायचा, पुढच्या चार रांगांनी "मंजूर मंजूर" म्हणून ओरडायचं, मागनं "नामंजूर" आलं की माईक मोठा करायचा. तिकडं त्यालाच आवाजी मतदान म्हणतात. २०२० ला सहकारी बँकांच्या विधेयकाचं काय झालं आठवा.

मंगळवारपेठ_७७
+१. आणि सभा संपली की जेवणाच्या रांगेत मंजूरवाले नि नामंजूरवाले शेजारी शेजारी, पांढरा रस्सा दोघांनाबी लागतो.

वकिलीण_ताराबाईपार्क
गुजरीतला, तुमचा राग समजते मी, पण दोन गोष्टी वेगळ्या करूया.

विधेयकाची तीन वाचनं होतात. मांडणं हे पहिलं. दुसऱ्यात आधी एकूण तत्त्वावर चर्चा आणि मग एकेक कलम मताला टाकतात, कलम २ मंजूर, कलम ३ मंजूर असं. विरोधी सदस्यांना दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्या त्या कलमापाशी त्या मताला येतात. तिसऱ्यात पूर्ण विधेयकावर शेवटचं मत. आवाजी मतदानावर समाधान नसेल तर सदस्य मतविभागणी मागू शकतो, मग प्रत्येकाचं मत नोंदवलं जातं. म्हणजे नामंजूर म्हणणाऱ्याला तिथं निदान कागदावर जागा असते.

पण खरं काम होतं ते समितीत. अर्थविषयक स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. विधेयक तिकडं पाठवलं तर बंद दाराआड बसून सगळ्या पक्षांचे लोक अधिकाऱ्यांना बोलावतात, रिझर्व्ह बँकेला, बँकांच्या संघटनांना, कर्मचारी युनियनना, कधी जनतेकडनंही लेखी म्हणणं मागवतात. कॅमेरा नसतो म्हणून पक्षाचा आवाज जरा खाली येतो आणि माणसं मुद्द्यावर बोलतात. आता तुमचा मुद्दा येतो आणि तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. २०२० चं सहकारी बँकांचं विधेयक समितीकडं गेलंच नाही. नॉमिनीचंही गेलं नाही. समितीकडं पाठवायचंच असं बंधन नाहीये, आणि हीच माझी खरी तक्रार आहे.

गुजरीतला
मग मी तेच म्हणतोय की ताई.

सांगलीकर_पण_आपला
२०२० ला नक्की काय झालेलं? मी तेव्हा कोविड सेंटरला ड्युटीवर होतो, पेपर बघायलाही वेळ नव्हता.

निवृत्त_हेडकॅशियर
सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पहिल्या दिवशी खातेदाराला हजार रुपयांच्या वर काढता येत नव्हते. एकाच बिल्डर समूहाला वारेमाप कर्ज दिलेलं आणि ते लपवलेलं. लोक रस्त्यावर आले. त्यानंतर सरकार हललं. ३ मार्च २०२० ला विधेयक लोकसभेत मांडलं, तोवर कोविड आला आणि २३ मार्चला अधिवेशनच गुंडाळलं. मग २६ जूनला वटहुकूम काढला. वटहुकूम म्हणजे संसद बसलेली नसताना राष्ट्रपतींच्या सहीनं तात्पुरता कायदा, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा पक्का कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. म्हणून सप्टेंबरात घाई. मार्चचं विधेयक मागं घेतलं, नवीन मांडलं, १६ सप्टेंबरला लोकसभा, २२ ला राज्यसभा. त्या दिवशी राज्यसभेत विरोधी पक्षांचा बहिष्कार होता आणि साडेतीन तासांत सात विधेयकं पास झाली, त्यातलं हे एक.

तेव्हा सरकारनंच सांगितलेला आकडा आहे, देशात १४८२ नागरी सहकारी बँका आणि ५८ बहुराज्यीय, मिळून ८ कोटी ६० लाख ठेवीदार. एवढ्या लोकांच्या पैशाचा कायदा साडेतीन तासांत सातातला एक म्हणून जातो याचं मला आजही वाईट वाटतं. कायदा चुकीचा होता असं म्हणत नाही हां मी.

उद्यमनगर_फौंड्री
मी सहसा लिहीत नाही, पण इथं राहवलं नाही.

कायदा चुकीचा होता म्हणणाऱ्यांना मी सांगतो. माझं खातं एका सहकारी बँकेत होतं, नाव घेत नाही, कारण तिथली क्लार्क पोरं अजून भेटतात आणि त्यांची काय चूक नव्हती. एका शनिवारी सकाळी पगाराचे पैसे काढायला माणूस पाठवला, आमच्याकडं शनिवारी आठवड्याचा पगार असतो, तर तो मोकळ्या हातानं परत आला. बँकेच्या दारावर ए-फोर कागद चिकटवलेला, इंग्रजीतनं, खाली पेननं मराठीत लिहिलेलं "रक्कम काढणे बंद". चौदा कामगार उभे होते भट्टीजवळ. बायकोच्या पाटल्या गुजरीत सराफाकडं ठेवल्या त्या दिवशी आणि पगार केला. माझे ७ लाख ४० हजार अडकले होते.

दोन वर्षं नुसते अर्ज. बँक बुडीत निघाली की विमा मिळतो म्हणायचे, पण बँक धड बुडतही नव्हती, निर्बंध सहा महिन्यांनी वाढायचे, परत सहा महिन्यांनी वाढायचे. मग २०२१ ला कायदा बदलला की निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखापर्यंत द्यायचे. डिसेंबर २०२१ संपता संपता माझे ५ लाख आले. उरलेले २ लाख ४० हजार आजतागायत नाहीत.

म्हणून मला तिकडं आवाजी होतं का लेखी होतं याच्याशी काय देणंघेणं नाही. तो कायदा दोन वर्षं आधी झाला असता तर पाटल्या गेल्या नसत्या.

सुमन_गंगावेस
दादा, वाचून पोटात कालवलं. माझ्या पिग्मीवाल्यांना मी सांगत असते की पाच लाखापर्यंत सेफ आहे, पण कुठल्या रस्त्यानं ते पाच लाख झाले हे मलाच माहीत नव्हतं.

निवृत्त_हेडकॅशियर
सांगतो. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यातनं १९६१ चा ठेव विमा कायदा आला, १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू, तेव्हा मर्यादा १५०० रुपये. सहकारी बँका त्यात नव्हत्याच, त्यांचा मार्ग १९६८ च्या दुरुस्तीनं मोकळा झाला. पुढं मर्यादा वाढत वाढत १९९३ ला १ लाख झाली आणि तिथं २७ वर्षं थांबली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. मधल्या २७ वर्षांत सोनं कुठं गेलं, उसाचा दर कुठं गेला, लाख मात्र लाखच. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरले नसते तर अजून तिथंच असता असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि ९० दिवसांचं गणित असं की पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी विमा महामंडळाला द्यायची आणि पुढच्या ४५ दिवसांत महामंडळानं पैसे द्यायचे. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायची चालू असेल तर हे आणखी ९० दिवस लांबू शकतं. या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडनं घेत नाहीत, शंभर रुपयांमागं वर्षाला १० पैसे होता तो एप्रिल २०२० पासून १२ पैसे झाला.

सुमनताई, तुमच्या लोकांना तीन गोष्टी आठवणीनं सांगा. पाच लाख हे मुद्दल आणि व्याज मिळून. एका बँकेच्या दहा शाखांत ठेवले तरी एका नावावर पाचच. आणि पतसंस्थेला हा विमा नाही. नावापुढं मोठं काचेचं ऑफिस असलं तरी नाही.

मंगळवारपेठ_७७
पतसंस्थेचं माहीत नव्हतं. आईला आत्ताच फोन केला.

संचालक_एका_छोट्या_बँकेचा
आमचीही बाजू लिहितो, शिव्या बसतील माहीत आहे.

२०२० च्या कायद्यानं रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करायचा अधिकार दिला, राज्य सरकारशी सल्लामसलत करून. संचालकांत निम्म्याहून जास्त लोक बँकिंग, हिशेब, शेती, कायदा अशा विषयातले जाणकार पाहिजेत. आणि सलग आठ वर्षांवर संचालक राहता येणार नाही. आता गंमत बघा, म्हणजे अडचण बघा. ९७ व्या घटनादुरुस्तीनं आमची टर्म पाच वर्षांची केलेली. पाच नि पाच दहा होतात, आठ कुठनं आणायचे? दुसऱ्या टर्मच्या मधेच तीन वर्षांनी उठून जायचं का? पोटनिवडणूक घ्यायची का? हे देशभरच्या नागरी बँकांच्या संघटनांनी सतत लिहून दिलं, प्रत्येक अधिवेशनाआधी निवेदन, प्रत्येक बजेटआधी बैठक. आणि सुमनताईंच्या त्याच नॉमिनीवाल्या कायद्यात आठाचे दहा झाले, १ ऑगस्ट २०२५ पासून. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक सोडून बाकीच्यांना.

म्हणजे म्हणणं पोचतं. पण संघटना असेल, दिल्लीत माणूस असेल आणि चार वर्षं चिकाटी असेल तर पोचतं.

गुजरीतला
साहेब, तुमचं पोचलं म्हणजे खुर्ची दोन वर्षं वाढली. ठेवीदाराचं काय पोचलं? जिल्ह्यात अशा बँका आहेत की बाप चेअरमन, मग पोरगा, मग सून. आठाचे दहा करा नाहीतर पाच करा, आडनाव तेच राहणार.

संचालक_एका_छोट्या_बँकेचा
आडनावाचं मान्य. नाकारत नाही. पण आमच्यासारख्या, रोज संध्याकाळी कर्जवसुलीला स्वतः जाणाऱ्या माणसांनाही त्याच मापात मोजता याचं वाईट वाटतं. या मातीत शाहू महाराजांच्या काळात सहकार उभा राहिला, कोल्हापूर अर्बन १९१३ ची आहे. शंभर वर्षं सावकाराच्या दारातनं माणूस सोडवायचं काम या बँकांनी केलं.

रंकाळा_वारा
विषय निघालाच आहे तर, रत्नाकर बँकबी आपलीच, १९४३ ची. आता आरबीएल म्हणून देशभर आहे पण रजिस्टर्ड ऑफिस अजून शाहूपुरीत. आमचे आजोबा तिथं शिपाई होते, घरी अजून त्यांचा पितळी बिल्ला आहे.

वकिलीण_ताराबाईपार्क
बिल्ल्याचा फोटो टाका की!

२०२० चा वाद नुसता खुर्चीचा नव्हता. घटनेत बँकिंग हा विषय केंद्राच्या यादीत आहे आणि सहकारी संस्था राज्याच्या यादीत. सहकारी बँक दोन्हीकडं पाय ठेवून उभी. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला तेव्हापासून हा दुहेरी कारभार आहे, व्यवहारावर रिझर्व्ह बँक आणि नोंदणी, निवडणूक सहकार खात्याकडं. २०२० ला केंद्राचा हात लांब झाला म्हणून राज्यातल्या नेत्यांनी हरकत घेतली, शरद पवारांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. आणि वर संचालक साहेबांनी सांगितलेली ९७ वी घटनादुरुस्ती, तिचा राज्यातल्या सहकारी संस्थांबद्दलचा भाग सुप्रीम कोर्टानं २० जुलै २०२१ ला रद्दच केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. बघा, म्हणजे तिन्ही वाचनं होऊन, सही होऊन, नऊ वर्षं चालूनसुद्धा "शेवटचा शब्द" झालेला नव्हता.

करवीर_शेतकरी
सगळे कायद्याचं बोलाय लागलात, पण आमच्या गावाला सगळ्यात जास्त हिसका बसला तो कायद्यानं न्हाई, परिपत्रकानं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि १४ नोव्हेंबरला आदेश आला की जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या न्हाईत. उसाचं बिल, सोसायटीचं पीककर्ज, सगळं जिल्हा बँकेतनं चालतं खेड्यात. त्या आदेशाला कुठलं पहिलं वाचन नि दुसरं वाचन? एक कागद आला नि दुसऱ्या दिवशी गाव तालुक्याच्या रांगेत.

पुण्यात_कोल्हापूरची
काका, अगदी बरोबर मुद्दा. मी एका बँकेत कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघायला आहे, माझा दिवसच परिपत्रकं वाचण्यात जातो. संसद फक्त अधिकार देते, पण रोजचे नियम रिझर्व्ह बँक काढते, आणि ते कितीतरी पटीनं जास्त असतात.

पण त्यातही आता एक दार आहे. २०२१ मध्ये नागरी बँकांसाठी एन. एस. विश्वनाथन समितीनं अहवाल दिला, तो रिझर्व्ह बँकेनं वेबसाईटवर टाकून लोकांच्या सूचना मागवल्या. मग २०२२ मध्ये बँकांचे चार थर ठरले, १०० कोटीपर्यंत ठेवी पहिला थर, हजार कोटीपर्यंत दुसरा, १० हजार कोटीपर्यंत तिसरा आणि त्यापुढं चौथा. आधी गडहिंग्लजच्या छोट्या बँकेला आणि मुंबईच्या अवाढव्य बँकेला बरेचसे नियम सारखेच लागायचे. हल्ली बहुतेक मोठे नियम आधी मसुदा म्हणून येतात, खाली तारीख असते की अमुक दिवसापर्यंत अभिप्राय पाठवा, ईमेल चालतो. सुमनताई, तुमचं म्हणणं पोचायचं सगळ्यात जवळचं दार हे आहे.

सांगलीकर_पण_आपला
ईमेल पाठवून काय होतंय हो? मी एकदा पाठवलेला, पोच सुद्धा आली नाही.

वकिलीण_ताराबाईपार्क
एकट्याचा ईमेल बुडतो हे खरं. पण एफआरडीआय विधेयक आठवा.

ऑगस्ट २०१७ मध्ये ते लोकसभेत आलं, बँक बुडायला लागली तर काय करायचं त्याचं विधेयक. त्यात "बेल-इन" नावाची तरतूद होती, म्हणजे बँक वाचवायला ठेवीदाराच्या विम्यावरच्या पैशातही कपात करायची वाट ठेवलेली. तेव्हा विमा लाखाचाच होता. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं, ३० खासदारांची, भूपेंद्र यादव अध्यक्ष. तोवर ही गोष्ट लोकांना कळली. बँक कर्मचारी युनियननी पत्रकं वाटली, ज्येष्ठ नागरिक संघांनी सभा घेतल्या, ऑनलाईन सह्या, मोर्चे. माझे सासरे तेव्हा रोज बागेतल्या कट्ट्यावर त्याच्या झेरॉक्स वाटायचे, खिशात टाचण्यांची डबी ठेवून. सरकारनं परत परत सांगितलं की ठेवी सुरक्षित आहेत, कुणाला पटलं नाही, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागं घेतलं. पूर्ण बहुमत असलेल्या सरकारनं. ते समितीकडं गेलं म्हणून लोकांना एक वर्ष मिळालं. थेट मताला टाकलं असतं तर टाचण्या काढेपर्यंत कायदा झाला असता.

उद्यमनगर_फौंड्री
हे मला ठाऊक नव्हतं ताई. म्हणजे माझे पाच लाख त्या सह्यांमुळं पण वाचले असं धरायला हरकत नाही.

निवृत्त_हेडकॅशियर
मूळ प्रश्नावर परत येऊया, मावशींच्या. एकच नाव का होतं? ठेवीला नॉमिनीची सोयच १९८३ च्या दुरुस्तीनं आली आणि १९८५ पासून फॉर्म निघाले. त्याआधी माणूस गेला की वारस दाखल्यासाठी कोर्ट. तेव्हा एक नाव हीच मोठी सोय वाटली. मी नवीन लागलो होतो, मॅनेजर आम्हाला टेबलाभोवती उभं करून फॉर्म शिकवायचे. पुढं चाळीस वर्षं ते कुणी उघडून बघितलं नाही, कारण एका नावावर भांडणारी भावंडं आमच्या काउंटरवर येत होती, दिल्लीच्या काउंटरवर नाही.

पण ताई, एक मावशींना नक्की सांगा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेकडनं पैसे घ्यायचा हक्क त्याचा, वाटणी वारसा कायद्याप्रमाणं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये बँक खात्याच्या खटल्यातच हे सांगितलंय. मधल्या मुलीला खरंच जास्त द्यायचं मनात असेल तर साधं मृत्युपत्र करा. आणि लॉकर असेल तर तिथं टक्के चालत नाहीत, एकामागनं एक असा क्रम लावावा लागतो.

सुमन_गंगावेस
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. तीन दिवस रात्री जेवणं झाली की एकेक उत्तर वाचतेय, वहीत लिहून घेतलंय.

आज सकाळी मंडईत मावशींचा फॉर्म भरला. कोथिंबिरीच्या पोत्यावर वही ठेवून. मधलीला ४०, बाकी तिघांना २०-२०. मुलाचं नाव काढायचं का विचारलं तर म्हणाल्या, "काढू नको, त्यो काय परका हाय?" अंगठा द्यायच्या आधी बेरीज स्वतः बोटावर केली त्यांनी, शंभर आल्यावर मग दिला. मृत्युपत्राचं पण सांगितलं, विचार करते म्हणाल्या.

आता माझ्या मनात आहे ते लिहिते. वाचून एवढं कळलं की संघटनावाल्यांचं पोचतं, आणि लोक मोठ्या संख्येनं ओरडले की पोचतं, पण आम्ही पिग्मीवाले रोज दारोदार फिरतो, कुठल्या घरात कुणाच्या नावावरनं भांडण आहे ते आम्हाला आधी कळतं, आणि आम्हाला कधी कुणी विचारलेलं नाही. तर मी ठरवलंय की आमच्या भागातल्या एजंटांना गोळा करून एक निवेदन लिहायचं. त्यात दोनच मागण्या. पाच लाखाची मर्यादा २०२० पासून तीच आहे, ती ठरावीक वर्षांनी आपोआप वाढावी, परत २७ वर्षं थांबायला लागू नये. आणि बँकेवर निर्बंध आले तर त्या दारावरचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात असावा आणि त्यात ९० दिवसांचं स्पष्ट लिहिलेलं असावं. ते कुणाकडं द्यायचं एवढं सांगा.

वकिलीण_ताराबाईपार्क
दुसरी मागणी वाचून मलाच कसं सुचलं नाही असं झालं. ती रिझर्व्ह बँकेला थेट पाठवा, त्याला कायदा बदलायला नको, एक सूचना पुरते. पहिलीसाठी आपले दोन्ही खासदार, कोल्हापूरचे आणि हातकणंगल्याचे. त्यांना सांगा की अर्थमंत्र्यांना लेखी प्रश्न विचारा, लेखी प्रश्नाचं उत्तर नोंदीवर येतं. शिवाय लोकसभेची याचिका समिती असते, तिथं नागरिकाला अर्ज करता येतो, ठरलेला नमुना आहे, मी काढून देते.

गुजरीतला
पतसंस्थेला विमा पाहिजे हे पण टाका.

पुण्यात_कोल्हापूरची
तो विषय राज्याचाही येतो दादा, त्याचं वेगळं पत्र आमदारांना करूया. एका पत्रात सगळं घातलं की कुठल्याच टेबलावर थांबत नाही. टायपिंग मी करते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

संचालक_एका_छोट्या_बँकेचा
आमच्या बँकेचे सहा एजंट सहीला पाठवतो. माझीही सही चालत असेल तर घ्या.

गुजरीतला
घ्या की. सही ती सही.

सुमन_गंगावेस
मग रविवारी संध्याकाळी पाचला बिंदू चौकात जमूया, मी वही घेऊन येते. फौंड्रीवाले दादा, तुम्ही याल का? तुमची गोष्ट निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात यावी असं वाटतं, नाव न घालता.

उद्यमनगर_फौंड्री
येतो ताई. तो दारावरचा कागद मी नंतर काढून आणलेला, घरात आहे अजून. घेऊन येऊ का?

सुमन_गंगावेस
आणा दादा. नक्की आणा.